नेपरव्हिल सोडून ऑटर टेल? तळ्याकाठच्या काउंटीत राहायला जावं का?

उंबरठा (धागाकर्ता)
अमेरिकेतला मराठी माणूस शिकागोजवळचं नेपरव्हिल, एडिसन, फ्रीमाँट, प्लेनो अशा भारतीयांच्या वस्तीच्या गावांबाहेर पाय टाकायला का बिचकतो, हे मला अजून कळलेलं नाही. आम्ही दोघं सध्या पश्चिम मिनेसोटातल्या ऑटर टेल काउंटीचा (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा समजा) विचार करतोय. 1000 हून जास्त तळी, अख्ख्या काउंटीत साधारण 60 हजार माणसं. मुख्य गाव फर्गस फॉल्स, वस्ती 14 हजारांच्या आसपास. आय-94 महामार्ग गावाला लागूनच जातो, त्यामुळे शेजारच्या नॉर्थ डकोटातलं फार्गो शहर तासाभरावर आणि मिनियापोलीस तीन तासांवर.

नवीन माणसं यावीत म्हणून काउंटीने 2017 पासून ‘रुरल रिबाउंड’ नावाचा उपक्रम चालवला. शाळा संपली की पोरं बाहेर पडतात, जुने लोक निवृत्त होतात, मग हातांची गरज भासणारच. मिनेसोटा विद्यापीठातले ग्रामीण समाजशास्त्रज्ञ बेन विंचेस्टर वर्षानुवर्षं सांगताहेत की तिशी-चाळिशीतली माणसं अशा भागात येतातही, त्याची बातमी मात्र होत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. काम घरून चालतं आणि खिशात ग्रीन कार्ड आहे, तर महागड्या उपनगरात राहून पोरांना एका क्लासवरून दुसऱ्या क्लासला पळवत बसणं ही नुसती सवय आहे. हाणा आता.

कागदी_घोडा
‘खिशात ग्रीन कार्ड आहे’ एवढं म्हणून तुम्ही निम्म्या वाचकांना दाराबाहेर काढलंत! एच-1बी, म्हणजे कंपनीने काढलेल्या कामाच्या व्हिसावर असलेल्याने घरून काम करत असला तरी नुसतं सामान उचलून जायचं नसतं. कामाचं ठिकाण नेहमीच्या महानगर क्षेत्राबाहेर गेलं की कंपनीला आधी सुधारित अर्ज करावा लागतो, इमिग्रेशन खात्याच्या 2015 च्या सिमियो निकालापासून हे पक्कं आहे. ग्रीन कार्डाचं काम अर्ध्यात असेल तर पर्म, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी, पुन्हा घ्यायची पाळी येऊ शकते. आणि नोकरी गेली तर दुसरी शोधायला हातात जास्तीत जास्त 60 दिवस. फर्गस फॉल्समध्ये ऑटर टेल पॉवरचं मुख्यालय आहे, हॉस्पिटल आहे, कॉलेज आहे. त्यापुढे कोणाचं दार ठोठावणार? एडिसनला लोक हौसेने चिकटलेले नाहीत.

डॉक्टरीणबाई
कागदी_घोडा, तुमचा मुद्दा आयटीवाल्यांपुरता. जे-1 या प्रशिक्षणाच्या व्हिसावर रेसिडेन्सी केलेल्या, नंतर काही काळ मायदेशी परतायची अट असलेल्या डॉक्टरांसाठी खेडं हीच वाट असते. कॉनराड 30 योजनेत प्रत्येक राज्याला वर्षाला 30 जागा असतात. डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं काम केलं की ती अट माफ होते. आम्ही असेच एका छोट्या गावात आलो. ऑटर टेल नव्हे, पण तळं, चर्च आणि धान्याची कोठारं तशीच. आमच्या बरोबरीचे बरेचजण तीन वर्षं भरताच ह्यूस्टन-डॅलसकडे निघून गेले, आम्ही राहिलो.

पहिल्या बर्फाला शेजारी न विचारता ट्रॅक्टर घेऊन आला आणि आमचा ड्राइव्हवे साफ करून गेला. त्याची बायको हॉटडिश (ओव्हनमध्ये भाजलेला इथला घरगुती पदार्थ) घेऊन आली, त्यात बीफ आहे हे तिनेच आधी सांगितलं आणि पुढच्या वेळी बटाट्याचं करून आणलं. पण त्या घरात जेवायला बोलावणं यायला फार काळ गेला. मिनेसोटाचे लोक स्वतःवरच विनोद करतात की आम्ही कुठलाही पत्ता सांगू, फक्त आमच्या घराचा सोडून. स्वागत लगेच होतं, मैत्रीला वेळ लागतो.

हिवाळा_बारमाही
धागाकर्त्याने जून महिन्यातले फोटो पाहिलेले दिसतात. डिसेंबर ते एप्रिल तळं म्हणजे पांढरं मैदान. उणे 30 सेल्सिअसला गाडीचं इंजिन गोठू नये म्हणून त्याचा हीटर रात्री प्लगला लावून ठेवायचा. बर्फ 4 इंच झाल्याशिवाय त्यावर पाय ठेवायचा नाही, पुढे त्यावर लोक झोपड्या नेऊन मासे पकडतात, हौस असेल तर मजाही आहे. वादळ आलं की आय-94 ला फाटक लावून रस्ता बंद करतात. म्हणजे तुमचं ‘फार्गो तासाभरावर’ तेवढ्यापुरतं रद्द, आणि कढीपत्ता-हिंग तिथेच! गावाबाहेर घर घेतलंत तर विहीर तुमची, सेप्टिक टँकही तुमचाच. तो तुंबला की महापालिकेला फोन करता येत नाही.

नागपुरी_तर्री
सगळे थंडीवर घसरलेत, मूळ मुद्दा कोणी बोलतच नाही. ही काउंटी रिपब्लिकन मताची आहे. आपला रंग तिथे चालेल का?

मिनियापोलीसकर
तर्री, हाच प्रश्न घेऊन ‘डेर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाचा पत्रकार क्लास रेलोटियस 2017 साली फर्गस फॉल्सला गेला होता. गावाच्या वेशीवर मेक्सिकनांना हाकलणारी पाटी आहे, असं त्याने छापलं. पाटी नव्हतीच. गावातल्याच दोघांनी एकेक थाप शोधून काढली आणि डिसेंबर 2018 मध्ये त्याचे बाकीचे बनावही उघडे पडले. तेव्हा मतपेटी बघून माणसं ओळखू नका.

पण धागाकर्त्यालाही विचारतो, ‘स्वागत’ नेमकं कोणाचं? त्याच काउंटीत पेलिकन रॅपिड्स आहे, वस्ती अडीच हजारांच्या आसपास. टर्कीच्या कारखान्यामुळे तिथे व्हिएतनामी, बोस्नियन, सोमाली, मेक्सिकन सगळे येऊन राहिले. लॅपटॉप घेऊन, पगार बांधून येणाऱ्याला हसतमुखाने ‘या’ म्हणणं सोपं आहे. टर्की कापणाऱ्याची पोरं शाळेत कशी सामावली, शिक्षकांनी काय केलं, ते तिथे जाऊन विचारा. मग ठरवा.

आजी_व्हिजिटवर
बाळांनो, तुम्ही व्हिसा आणि सेप्टिकचं बोलताय, आमचं कोण बोलणार? मी दर खेपेला सहा महिने येते. नेपरव्हिलला रिव्हरवॉकच्या बाकावर संध्याकाळी आमच्या वयाच्या चौघीजणी भेटतात, एक गुजराती, एक तेलुगू. मला गाडी येत नाही. तळ्याकाठी सून-मुलगा दिवसभर कामात, मी बदकांशी बोलू का? देवळाला जायचं तर मेपल ग्रोव्ह, म्हणजे जवळपास मिनियापोलीसच.

उंबरठा
आजी, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आईचंही हेच म्हणणं आहे. पण कागदी_घोडा, तुमची अडचण कायद्याची आहे, काउंटीची नव्हे. आणि हिवाळा_बारमाही, शिकागोत काय पारिजातक फुलतो का हिवाळ्यात? विकत नंतर घेऊ, आधी एक हिवाळा भाड्याने राहून बघतो.

डॉक्टरीणबाई
हे बरं केलंत. पण छोट्या गावात भाड्याची घरं थोडी असतात, उन्हाळ्यातच शोधायला लागा. तळ्यावरची केबिन स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळू नका. ती हिवाळ्यासाठी बांधलेली आहे का ते आधी विचारा. बऱ्याच केबिन शरद ऋतूतच पाइपमधलं पाणी काढून बंद करतात.

कागदी_घोडा
आणि लीज सहा महिन्यांचं करा, वर्षाचं नको.