डार्क येलोची ‘खरी’ बाटली शोधणं आता थांबवूया का?

एकास पस्तीस
आपण सगळे रणगाड्यांची एकास पस्तीस (1/35) मापाची प्लास्टिक मॉडेल्स रंगवणारे. गेल्या आठवड्यात प्लास्टिकच्या एका पट्टीवर तीन कंपन्यांचे ‘जर्मन डार्क येलो’ रंग शेजारी शेजारी मारले. एक मोहरीकडे झुकणारा, दुसरा मातकट हिरवट, तिसरा भिजवलेल्या चणाडाळीसारखा. तिन्ही बाटल्या दुसऱ्या महायुद्धातल्या त्याच रंगाच्या, आरएएल 7028 च्या (आरएएल म्हणजे जर्मन प्रमाणित रंगांची यादी). घरातल्या एलईडी ट्यूबखाली पहिले दोन जवळजवळ एकच वाटत होते. पट्टी गॅलरीत उन्हात नेली आणि दुसऱ्यातला हिरवा लगेच वर आला.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न आहे. आपण जुळवतोय कशाशी? फेब्रुवारी 1943 मध्ये जर्मन सैन्याने गडद राखाडी सोडून हा पिवळा मूळ रंग ठरवला. त्यावर लपण्यासाठी मारायचे हिरवा आणि तांबूस तपकिरी हे दोन रंग तुकड्यांना घट्ट पेस्टच्या रूपात मिळायचे. ती पेस्ट पाण्यात किंवा पेट्रोलमध्ये पातळ करायची आणि स्प्रेगनने, नाहीतर ब्रशने मारायची. पेट्रोल टाकीत घालायला पुरत नसताना रंगासाठी किती मिळत असेल! जास्त पाणी पडलं की रंग पातळ, खालचा पिवळा आरपार दिसणार. एकाच तुकडीतले दोन रणगाडे एकसारखे असतील ही अपेक्षाच चुकीची आहे.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो. कोणत्या काळात कोणते रंग होते, हे बिनचूक हवं. छटा मात्र डोळ्याने ठरवावी, आणि मॉडेल लहान असल्यामुळे थोडी उजळच घ्यावी. नवीन मुलं पाच-पाच बाटल्या विकत घेतात आणि किट डब्यातच राहतं, हे बघून वाईट वाटतं.

कागदपत्र
दादा, मुलांबद्दलची तळमळ पटली, बाकीचं नाही. ‘डोळ्याने ठरवा’ म्हटल्यामुळे या छंदाचं किती नुकसान झालंय त्याचं उदाहरण देतो. पोलंड 1939 आणि फ्रान्स 1940 चे जर्मन रणगाडे आपण सगळे वर्षानुवर्षं सरसकट राखाडी रंगवत आलो, कारण फोटोत ते राखाडीच दिसतात. प्रत्यक्षात आदेश दोन रंगांचा होता: गडद राखाडी, आणि साधारण एक तृतीयांश भागावर गडद तपकिरी. 1940 च्या उन्हाळ्यात रंग वाचवण्यासाठी नुसता राखाडी ठेवला गेला. दोन्ही रंग इतके गडद की ब्लॅक अँड व्हाइट फोटोत एकमेकांत मिसळून जातात. डोळ्याने ते कधीच सापडले नसते, आदेशाचे कागद वाचले म्हणून सापडले.

छटेलाही तोच नियम लावा. कारखान्यातून रंग बाहेर पडताना प्रमाण ठरलेलं होतं. पुढे रणांगणावर काय झालं तो वेगळा प्रश्न. आधी प्रमाणित छटा मारा, मग वॉश (अगदी पातळ रंगाचा हात), धूळ, ऊन यांच्या परिणामांनी ती बदला. पायाच अंदाजाने घातला तर वरचं सगळं अंदाजानेच जाणार.

मंजिरी
मला फक्त ‘उजळ घ्यावी’ यावर बोलायचंय. हा सल्ला सगळे देतात, हिशेब कोणी करत नाही. 1/35 चं मॉडेल आपण साधारण 30 सेंटिमीटरवरून बघतो. म्हणजे खऱ्या रणगाड्यापासून साडेदहा मीटर. साडेदहा मीटर हवेतून रंग किती फिका होणार? रस्त्यापलीकडे उभी असलेली एसटी फिकी दिसते का? दूरचे डोंगर निळसर दिसतात ते कित्येक किलोमीटरवरून. हवेचं कारण देऊन पांढरा मिसळत राहिलो तर पॅन्झर ग्रे चा, म्हणजे जर्मन रणगाड्यांच्या गडद राखाडीचा, सिमेंट होतो. माझ्या कपाटात असे दोन आहेत.

एकास पस्तीस
मंजिरीताई, हवेचा मुद्दा सोडला. हिशेब बरोबर आहे. पण उजळ करण्याचं माझं कारण प्रकाशाचं आहे. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स असतात, आपल्या खोलीत काहीशे. तोच गडद रंग उन्हात खुलतो आणि कपाटात काळा पडतो. पांढऱ्याऐवजी त्याच कुळातला फिका रंग मिसळा, सिमेंट होणार नाही. राखाडीत थोडा निळसर राखाडी घालून बघा.

नगरकर
माझं घर नगरला (आताचं अहिल्यानगर), रणगाडा संग्रहालय जवळच. 1965 च्या युद्धात पकडलेला पाकिस्तानचा पॅटन रणगाडा तिथे आहे. लोक त्याचा फोटो काढतात आणि मोबाइलवरून रंग ‘उचलतात’. कृपा करून असं करू नका. उघड्यावरच्या लोखंडाला गंजापासून वाचवायला रंगाचे हात द्यावेच लागतात, आणि ते योग्यच आहे. पण तो आजचा रंग झाला. मी तिथे वेल्डच्या रेषा, चाकांची मांडणी, पट्ट्याच्या कड्या बघायला जातो. संध्याकाळी पाचला लोखंडावर तिरपं ऊन पडलं की एकाच बाजूचा हिरवा तीन रंगांचा दिसतो. कागदपत्रांना मान देऊनही सांगतो, त्या तीनपैकी कोणता शेडकार्डाशी जुळवाल?

कागदपत्र
तिन्ही. मूळ रंग एक, बाकीचं प्रकाशाचं काम. आणि हे विसरू नका की 7021 हा जर्मन गडद राखाडी आजच्या आरएएल कार्डावर आहे, 7028 पिवळा नाही. पिवळ्याबद्दल म्हणूनच इतका गोंधळ. तिथे सैल राहायला मी तयार आहे. राखाडीला मात्र ती सवलत नाही.

ब्रशवाला
मधला रस्ता नाही सांगत, अनुभव सांगतो. अमेरिकन ऑलिव्ह ड्रॅबसाठी (त्यांच्या सैन्याचा मातकट हिरवा) मी बाटली घेणंच बंद केलं. पिवळी माती आणि काळा, दोनच रंग. काळा थेंबाथेंबाने घालत जा, वाटीत हिरवा आपोआप उगवतो. त्यांच्या सैन्याचा रंगही मुळात गेरूसारख्या पिवळ्या आणि काळ्यापासूनच बनायचा. एकदा स्वतः मिसळलंत की नवी गाडी आणि उन्हात वर्ष काढलेली गाडी यांतला फरक हाताला कळतो.

मंजिरी
ब्रशवाला, हे आजच करते. थेंब मोजून लिहून ठेवा मात्र, पुढची गाडी त्याच तुकडीची असली तर अडतं.

एकास पस्तीस
कागदपत्र, तपकिरीचा मुद्दा मला लागला. माझा पॅन्झर थ्री हा जर्मन रणगाडा 1940 च्या मे महिन्याचा आहे आणि नुसता राखाडी आहे. डिकल (चिकटवलेली चिन्हं) निघाले तरी चालतील, उद्या तो थिनरमध्ये जाणार. पट्टी आधी उन्हात बघेन, मग दोन्ही रंग ठरवेन. छटेवर माझं म्हणणं तेच आहे.