सगळ्यात वरचा मजला: आधी गच्ची पांढरी करायची की पंखे-एसी बदलायचे?

गच्चीखालचा (पुणे)
आमचा फ्लॅट चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावर. एप्रिलमध्ये रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावला की चटका बसायचा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ते आपल्या अंगावर सोडतो. पंखा तीच तापलेली हवा खाली ढकलतो, एसी निम्मी रात्र स्लॅबशीच झुंजतो.

यंदा सोसायटीची परवानगी काढून मार्चमध्ये गच्चीवर चुन्याचे दोन हात मारले. चुना आदल्या रात्री भिजवला, गाळून घेतला, धरून राहावा म्हणून थोडा फेविकॉल घातला. आता रात्री दोनला एसी बंद करून नुसत्या पंख्यावर झोपता येतं. म्हणून वरच्या मजल्यावरच्यांना कळकळीने सांगतो, फाइव्ह स्टार एसी बघायला जाण्याआधी एकदा दुपारी गच्चीवर जाऊन या.

हिशेबी
पटत नाही. चुना पहिल्या पावसाळ्यात धुऊन जातो, उरतो त्यावर शेवाळ चढतं. दर मार्चला कोण बादल्या वर नेणार? त्यापेक्षा कायमचं काम करा. जुना पंखा ७५ वॅटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण ३० वॅटचा. रोज १२ तास धरले तर एका पंख्यामागे अर्ध्या युनिटहून जास्त वाचतं. वर्षात ३०० दिवस पंखा फिरला तर १६२ युनिट. घरात चार पंखे असतात. चुन्याचा असा आकडा दाखवा, मग बोलू.

आणि महावितरणचं बिल टप्प्यांनी चढतं: १०० पर्यंत एक दर, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी महाग. वाचणारी युनिटं वरच्या, महाग टप्प्यातूनच कमी होतात.

गच्चीखालचा
पंख्याचा हिशेब मान्य. पण टप्प्यांचा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. मे महिन्यात आमचं बिल ३०० च्या पलीकडे नेतो तो एसी, पंखा नव्हे. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालला तर तासाला दीडेक युनिट खातो. तो रोज तीन तास कमी चालला, तर चार पंख्यांच्या बचतीपेक्षा ते जास्त भरतं. आणि बीएलडीसी पंखासुद्धा गरम स्लॅबखाली गरम हवाच देणार.

भाडेकरू
गच्चीची परवानगी मालकाला मिळते हो, आम्हाला कोण विचारतं? अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा माणूस गच्ची रंगवणार नाही. पंखा मात्र घर सोडताना काढून नेता येतो. पश्चिमेच्या खिडकीला मी बाहेरून बांबूची चिक टांगली आहे. आतल्या पडद्याने ऊन काचेतून आत येतं आणि मग अडतं, तोवर उष्णता घरात शिरलेली असते. चिकेने ते बाहेरच थांबतं. या खर्चाला कुणाची सही लागत नाही.

वऱ्हाडी
आमच्याकडे कूलरला वाळा लावला की एसीची गरजच पडत नाही, फक्त समोरची खिडकी उघडी हवी. लोक दारं-खिडक्या लावून कूलर चालवतात आणि मग दमट होतं म्हणतात.

पण हिशेबीसाहेब, चुना धुऊन जातो हा आक्षेप मला आक्षेपच वाटत नाही. त्याचं काम मार्च ते जून एवढंच आहे. आमच्या घरी दरवर्षी होळीनंतर गच्चीला चुना असतोच. ज्यांना दरवर्षीचं नको, त्यांनी पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचं चायना मोझॅक करावं. खर्च बराच होतो, पण वर्षानुवर्षं टिकतं.

रत्नागिरीहून
कूलरचं इकडे सांगू नका. हवेतच इतकं पाणी असतं की कूलरने अंग आणखी चिकट होतं. आम्ही कौलं काढून स्लॅब टाकला आणि पहिल्याच उन्हाळ्यात चूक कळली. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची, आता ती घरातच कोंडते. त्या स्लॅबवर पत्र्याची शेड घातली, मध्ये वारा खेळतो. वीज एका युनिटचीही न लावता छत सावलीत आलं. चुना इथे टिकत नाही, त्यात हिशेबी बरोबर आहेत.

हिशेबी
शेडचं पटलं. तरी पुण्यातल्या फ्लॅटसाठी माझा क्रम पंखे, मग एसीचं तापमान, मग गच्ची असाच राहील. २०२० पासून स्टार लेबलचे एसी सुरू होताना २४ वर सुरू होतात, पण लोक रिमोट हातात घेतला की १८ वर नेतात. एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो. त्याला ना चुना लागतो, ना परवानगी. पंखे बदलताना जुना मोठा चौकोनी रेग्युलेटरही काढा. त्यावर पंखा हळू केला तरी वीज उष्णता होऊन वायाच जाते.

गच्चीखालचा
२६ वर ठेवून पंखा लावायला मी आज तयार आहे. गेल्या वर्षी २२ वरही घाम यायचा, कारण डोक्यावर तापलेला स्लॅब होता. गच्ची आधी म्हणतो ते यासाठीच.

कुणी करणार असेल तर एक बघा: भेगा असतील तर आधी त्या बुजवा, पाणी जिथे साचतं तिथला उतार दुरुस्त करा. आमच्या एका कोपऱ्यात ते राहिलं, आणि तिथला चुना आठ दिवसांत सुटला.