मदत हवी आहे: ऑफिसच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड कसा चालू करून घेऊ?

नमस्कार मंडळी. मी गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात आहे. सूचनाफलकावरचे कागद मराठी आणि कोंकणीतून काढणं माझं काम. दोन्ही देवनागरीतच. पण नव्या आयटी धोरणानुसार लॅपटॉपवर काहीही बसवायला मुंबईच्या मुख्य कार्यालयाची मंजुरी लागते. तीनदा तिकीट (म्हणजे आयटीकडे विनंती) टाकलं, तिन्ही वेळा ‘कारण पुरेसं नाही’ म्हणून बंद केलं. पेनड्राइव्हही ब्लॉक. सध्या मोबाइलवर टाइप करून स्वतःलाच मेल करते. केमिकल सांडलं तर काय करायचं, हे सांग्याहून येणाऱ्या कामगाराला इंग्रजीत कसं वाचायला देऊ? जिवाशी गाठ आहे हो!

विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट (भारतीय भाषांसाठीची प्रमाण मांडणी) कीबोर्ड मुळातच असतो, आणि २०१९च्या मे अपडेटपासून फोनेटिकही (इंग्रजी अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) आहे. म्हणजे बाहेरचं सॉफ्टवेअर नकोच. माझ्याकडे मात्र सेटिंग्जमधलं भाषेचं पानच बंद करून ठेवलंय.

अ‍ॅडमिन अधिकार न मागता, फक्त एवढा कीबोर्ड आयटीकडून चालू करून घेतलाय का कुणी? तिकिटात नेमकं काय लिहिलंत? कारखान्याच्या मॅनेजरांची सही जोडली तर फरक पडतो का? सोमवारी चौथं तिकीट टाकणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.