गिझरचं गणित चुकतंय कुठे? व्होल्टेज उतरलं तर अँपिअर वाढायला हवेत ना?

राम राम मंडळी,

मळ्यात नवीन घर बांधलंय. मीटर रस्त्याकडेच्या जुन्या घरात आहे, तिथून १५० मीटर वायर ओढून लाईट आणलीय. गिझर २५ लिटरचा, पाटीवर २३० व्होल्ट, २००० वॅट. दुकानदार म्हणाला होता पस्तीस-चाळीस मिनिटांत पाणी कढत. आमच्याकडे संध्याकाळी तास जातो. आईचं रोजचं एकच, "यापेक्षा बंब बरा होता."

काल ओळखीच्या वायरमनचा क्लँप मीटर आणला (तारेभोवती चिमटा धरून करंट मोजतो तो). गिझर बंद असताना बोर्डात २०५ व्होल्ट, चालू केला की १८०. माझा हिशोब असा: वॅट भागिले व्होल्ट म्हणजे करंट, २००० ÷ १८० = ११.१ अँपिअर. मीटर दाखवतो ६.८. (आधी दोन्ही तारा एकत्र चिमट्यात धरल्या होत्या, तेव्हा जाणारा-येणारा करंट एकमेकाला खोडून शून्य आलं. हसू नका.) कॉईल गेली समजायची का?

तारतम्य:
कॉईल ठणठणीत आहे. तुम्ही २००० वॅट कायमचे धरलेत, घोळ तिथे आहे. ते वॅट २३० व्होल्ट मिळाले तरचे. कॉईलचा कायम राहतो तो रोध (रेझिस्टन्स). नायक्रोमची तार तापली तरी तिचा रोध फारसा हलत नाही.

रोध = व्होल्टचा वर्ग ÷ वॅट = ५२९०० ÷ २००० = २६.४५ ओहम.
आता १८० ÷ २६.४५ = ६.८ अँपिअर. मीटरवाल्याला चहा पाजा.

आणि १८० × ६.८ = साधारण १२२५ वॅट. व्होल्टेज २२ टक्के उतरलं, वॅट मात्र ३९ टक्के. वर्गाचा हिसका असा असतो. २५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर न्यायला २००० वॅटला ३५ मिनिटं, १२२५ वॅटला ५७. तुमचा तास तिथून आला.

खटपट्या:
एवढं काय लावलंय? मळ्यातल्या बोर्डाजवळ स्टॅबिलायझर बसवा, विषय संपला.

तारतम्य:
नका बसवू. गिझर लावल्यावर २०५ चे १८० होतात, म्हणजे २५ व्होल्ट वाटेत गळतात. २५ ÷ ६.८ = ३.७ ओहम, हा तुमच्या वायरचा रोध. स्टॅबिलायझर गिझरला पुरे २००० वॅट देऊ लागला की तो तेवढेच मागून खेचणार. मग वायरमधून साडेबारा अँपिअर, वाटेत ४५ व्होल्ट गायब, स्टॅबिलायझरच्या तोंडाशी १६० उरतात आणि साडेपाचशेच्या वर वॅट नुसती वायर तापवण्यात जातात. धागाकर्त्याला वाटलं होतं ना की व्होल्टेज उतरलं की करंट वाढतो? ते इथे खरं ठरतं. पंपाच्या मोटारीतही तेच होतं, म्हणून तर कमी व्होल्टेजला वाइंडिंग जळतं. साध्या कॉईलला तो नियम लागत नाही.

वायर कुठली आहे?

धागाकर्ता:
अ‍ॅल्युमिनियम, अडीच स्क्वेअर (चौरस मिलिमीटर). स्वस्तात मिळाली होती.

तारतम्य:
वाटलंच. अडीचच्या अ‍ॅल्युमिनियमचा रोध किलोमीटरला बारा ओहमच्या आसपास. जाऊन-येऊन ३०० मीटर, म्हणजे ३.६. मोजमाप आणि हिशोब जुळले. तरी एकदा गिझर चालू ठेवून जुन्या घरातल्या मीटरपाशी व्होल्ट बघा. तिथेही १८० च्या जवळ निघाले तर दोष कंपनीच्या लाईनचा. शिवाय मेन बंद करून जोड तपासा. सगळे २५ व्होल्ट एकाच ढिल्या जोडात पडत असतील तर तिथे १७० वॅट जळतायत, टेप वितळून जाईल.

धागाकर्ता:
आज संध्याकाळी बघितलं. मीटरपाशी गिझर बंद असताना २०५, चालू असताना २०४. जोड कुठेच काळा पडलेला नाही. म्हणजे दोष माझ्याच वायरचा. आता १० ची अ‍ॅल्युमिनियम घ्यावी की ४ ची तांब्याची?

तारतम्य:
१० ची अ‍ॅल्युमिनियम. १५० मीटरला तिचा जाऊन-येऊन रोध ०.९ ओहम, ४ च्या तांब्याचा १.४, आणि तांबं महाग. गिझरला १९७-१९८ व्होल्ट आणि पावणेपंधराशे वॅट मिळतील. ४७ मिनिटांत पाणी. मीटरलाच २०५ येतात, ते वायर बदलून वाढणार नाहीत, त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागेल.

आणखी एक. मीटर जुन्या घरात आहे, म्हणजे वायरने खाल्लेले १७० वॅट आजवर तुमच्याच बिलात येत होते.

धागाकर्ता:
हे आईला सांगत नाही. सोमवारी वायर आणतो, तोवर बंब पेटवलाय.