धुराड्याची चूल: वैल तापत नाही, तोंडातून धूर येतो

सरपण
मातीची दोन भांड्यांची चूल आहे. पुढचं भांडं लगेच उकळतं, पण मागच्या वैलावर, म्हणजे दुसऱ्या भांड्याच्या भोकावर, पाणी फार तर कोमट होतं. वैलावर भांडं नसलं की धूर चुलीच्या तोंडातून घरात येतो. पाइप 75 मिमीचा, भिंतीतून काढून दोन बाक देऊन वर नेलाय, टोक पन्हाळीच्या जरा खाली थांबतं. चुलीत लाकडांखाली सळ्यांची जाळी बसवलेली आहे. आतले भाग कशासाठी असतात आणि चूक कुठे शोधायची?

वैलकरी
आधी सोपं: वैल उघडा ठेवू नका. धुराडं जवळच्या भोकातून हवा ओढतं. वैल उघडा असला की तिथूनच गार हवा पाइपात जाते, पुढच्या विस्तवाची ओढ संपते आणि धूर तोंडाकडे वळतो. भांडं नसेल तर तवा पालथा घालून कडेला ओली माती लावा.

आता वैल का तापत नाही ते. पुढच्या चुलीतून वैलाकडे बोगदा जातो. त्याच्या पुढे, वैलाच्या बरोबर खाली, मातीचा उंबरठा हवा. ज्वाळा आणि गरम वाफा त्यावर आपटून भांड्याच्या बुडाला चाटून जातात, मग पाइपात शिरतात. बहुधा तुमचा उंबरठा झिजलाय किंवा मुळात घातलेलाच नाही, म्हणून सगळी आच खालून सरळ पाइपात जाते. भांड्याचं बूड आणि उंबरठा यात दोन बोटं अंतर ठेवा. एका बोटावर आणलंत तर काजळीने आठवड्यात बुजेल आणि पुन्हा धूर तोंडाशी.

जुन्या चुलीसारखे भांड्याखाली तीन उंचवटे ठेवले असतील तर काढून टाका. बिनधुराड्याच्या चुलीत धूर बाहेर पडायला ती फट लागते. इथे भांडं भोकात घट्ट बसलं पाहिजे.

काजळी
उंबरठा बरोबर, पण मला पाइपाचीच शंका जास्त. प्रत्येक बाक म्हणजे अडथळा आणि काजळीचं घर. त्यातून टोक पन्हाळीखाली! वारा छपरावरून खाली वळला की धूर परत ढकलतो. पाइप सरळ वर न्या, टोक कौलांच्या वर किमान दोन फूट येऊ द्या. टोपीखाली पाइपाच्या व्यासाइतकी मोकळी जागा सोडा. बोगदा कुठेही पाइपापेक्षा अरुंद नको. 75 मिमीच्या पाइपाचं तोंड जेमतेम 44 चौरस सेंमी भरतं, 100 मिमीचं 78. बदलायचाच असेल तर 100चा घ्या, पीव्हीसी नको, वितळतो.

तपासणी अशी: चूल गार असताना तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे. नाही गेला तर पाइपाच्या बुडाशी कागद पेटवून आतली हवा तापवा आणि पुन्हा बघा. तरी नाही, तर कुठेतरी बुजलंय. रोज चूल पेटत असेल तर महिन्याला पाइप झाडावा, वरून दोरीला चिंध्यांचा गठ्ठा बांधून.

पोयटा
उंबरठा घालायला काळी माती वापरू नका, वाळताना आकसते आणि तडकते. पोयट्याची किंवा वारुळाची चाळलेली माती, त्यात भाताचं तूस आणि थोडं शेण, मळून एक रात्र मुरवा. जुना भाग पाण्याने भिजवून मगच नवीन थापा, नाहीतर पोपडा सुटतो. सावलीत वाळवा. पूर्ण वाळायच्या आत मोठा जाळ केलात तर आतली वाफ माती फोडते. साच्यातून घडवलेल्या लक्ष्मी चुलीत (ही सुधारित चूल) मापं साच्यातूनच येतात, हाताने घातलेल्या चुलीत बोटांनीच मोजावं लागतं.

वैलकरी
जाळीचं राहिलं. तिच्याखालची राख रोज काढा. राख जाळीला टेकली की खालून हवा बंद, लाकूड धुमसतं आणि निखाऱ्यात रुतलेल्या सळ्या वाकतात. लाकूड मनगटापेक्षा जाड नको, आणि ओलं तर नकोच. दोन लाकडं एकमेकांवर आपटून बघा: खणखण वाजलं तर वाळलेलं, बद्द आवाज आला तर अजून उन्हात ठेवा.