लग्न झालं की सुटका नाही

कुणीतरी म्हटलंय की चर्चचं शुद्धतेचं, म्हणजे लैंगिक संयमाचं, प्रकरण लग्नापर्यंतच, अंगठी चढली की संपलं. कॅथलिकांपुरतं सांगतो, तसं नाही. चर्चच्या १९९२च्या धर्मशिक्षण ग्रंथात ही शुद्धता बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकाला सांगितलीय, विवाहितांनाही. पण म्हणून एकमेकांना टाळून संत व्हायचं नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती मंडळीला लिहिलंय, दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने, प्रार्थनेसाठी, तेही थोडा काळ. पोपच्या १९६८च्या ‘ह्युमाने विते’ परिपत्रकानुसार मूल लांबवायचं तर सुपीक, म्हणजे गर्भ राहू शकतो अशा, दिवसांत संयम, तेवढीच मान्य वाट. म्हणजे ते दिवस ओळखायला बायकोने पहाटे अंथरुणातच थर्मामीटर लावून तक्ता भरायचा आणि नवऱ्याने तो बघून गुपचूप कूस बदलायची! नाइट शिफ्ट आणि तान्हं पोर असलेल्या घरात तो तक्ता किती टिकतो, हे प्रवचन देणाऱ्या फादरांनी एकदा विचारावं.