एसीच्या जाळीची पट्टी तुटली, घरी बसेल का?

केळीवाला, रावेर:
राम राम मंडळी. 2012 ची गाडी. ड्रायव्हरकडच्या एसी जाळीतली मधली पट्टी निखळली. टोकाची तांदळाएवढी पिन मोडलीय. इन्स्टंट गमने दोनदा चिकटवली, दुपारच्या उन्हात दोन्हीदा सुटली. शोरूमवाले म्हणतात, अख्खी जाळी घ्या. बाहेर मे महिना, आणि गार हवा फक्त माझ्या गुडघ्याला!

भुसावळकर:
भो, मोडकी पिन चिकटवत बसू नको, टिकतच नाही. टाचणी पक्कडीत धर, गॅसवर तापव, पट्टीच्या टोकात सरळ तीन-चार मिलिमीटर खुपस. गार झाली की डोकं काप, दीड मिलिमीटर बाहेर ठेव. माझ्या गाडीत तीन उन्हाळे निघाले.

जळगावचा मामा:
आधी पट्टी उलटी करून कोरलेलं प्लास्टिकचं नाव वाच. एबीएस असेल तर गम धरतो. पीपी असेल तर विसरा, आपल्या चटईचं प्लास्टिक तेच, त्याला गम लागत नाही. आणि पिन बसते त्या भोकात गम नको, पट्टी फिरायचीच बंद होईल.

केळीवाला, रावेर:
बसली! पहिली टाचणी तिरपी गेली, दुसरी बायकोच्या शिलाईच्या डब्यातून चोरली. खाली करताना कट्ट वाजते. वाजू दे.